सी-व्हाइज: ७१ हजार ओळींच्या फाईलच्या ११ ओळी करून देणारा सांगकाम्या

दोन वर्षं झाली मी सी-व्हाइज हे बग दाखवणारी फाईल छाटून लहान करणारं टूल वापरतेय, रोज नाही पण महिन्यातून चार-पाच वेळा नक्की, आणि टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला तेच तेच तोंडी सांगून झालंय म्हणून आता एकदाचं सगळं लिहूनच टाकते. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी हे काय प्रकरण आहे ते. समजा कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, तुमचा कोड कंपाईल करता करता स्वतःच कोसळला, किंवा कोसळला नाही पण चुकीचा मशीन कोड काढून मोकळा झाला. बग रिपोर्ट करायला गेलात की पहिला प्रश्न येतो, छोटा टेस्टकेस, म्हणजे बग दाखवणारा नमुना कोड, कुठाय? आणि तुमच्याकडे असते प्रीप्रोसेस केलेली, म्हणजे इन्क्लूड केलेलं सगळं एकत्र ओतलेली, अगडबंब फाईल. सी प्लस प्लसमध्ये नुसतं आयओस्ट्रीम इन्क्लूड केलं तरी ती हजारो ओळींची होते, वर दोन-चार टेम्प्लेटवाल्या लायब्रऱ्या घेतल्या की विचारूच नका. सी-व्हाइजला दोन गोष्टी द्यायच्या, ही फाईल आणि एक छोटी शेल स्क्रिप्ट. स्क्रिप्टनं एवढंच सांगायचं, बग अजून आहे तर शून्य परत करायचं, गेला असेल तर दुसरं काहीही. मग तो फाईलमधून काहीतरी उडवतो, स्क्रिप्टला विचारतो, बग आहे का? आहे म्हटलं की ती काटछाट कायम, नाही म्हटलं की परत होतं तसं, आणि हे हजारो वेळा, लॅपटॉपच्या सगळ्या कोअरवर एकाच वेळी. तुम्ही झोपा, तो करत बसतो.

कल्पना जुनीच आहे. बग राहील अशा बेतानं इनपुट लहान लहान करत जायचं ही डेल्टा डीबगिंगची पद्धत आंद्रेआस त्सेलर यांनी १९९९-२००० च्या सुमारास मांडली. पुढे युटा विद्यापीठात जॉन रेगर आणि मंडळींनी सी-स्मिथ बनवलं, जे आपोआप सी प्रोग्राम तयार करून कंपायलरांवर सोडतं, २०११ च्या त्यांच्या पेपरात ३२५ हून जास्त बग कळवल्याची नोंद आहे. पण ते प्रोग्राम भलेमोठे असायचे, माणसानं हातानं छाटायचे म्हटलं तर आठवडे जातील, म्हणून त्याच लोकांनी सी-रिड्यूस केलं आणि २०१२ मध्ये त्यावर पेपर लिहिला. ते पर्लमध्ये होतं. २०२० मध्ये मार्टिन लिश्का यांनी ते पायथनमध्ये आणलं, समांतर कामावर जास्त जोर दिला, तेच हे सी-व्हाइज. आतलं क्लँग-डेल्टा नावाचं यंत्र, जे सी आणि सी प्लस प्लसचं व्याकरण समजून छाटणी करतं, ते दोघांचं एकच. जुन्या सी-रिड्यूसच्या स्क्रिप्ट जशाच्या तशा चालतात, मी माझी एकही बदलली नाही.

इन्स्टॉल करायला काही त्रास नाही, डेबियन, उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे सगळ्यांच्या पॅकेजमध्ये आहे. सोर्सवरून बिल्ड करायचं असेल तर एलएलव्हीएमच्या (क्लँग कंपायलर ज्यावर उभा आहे तो प्रकल्प) डेव्हलपमेंट लायब्रऱ्या लागतात आणि त्याचं व्हर्जन जुळवण्यात वेळ जातो, त्यामुळे पॅकेजच घ्या.

आता माझं उदाहरण सांगते. आम्ही पाच-सहा जण मिळून एका छोट्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या बोर्डसाठी जीसीसी ह्या मुक्त कंपायलरची आमची स्वतःची पॅच केलेली, म्हणजे आमचे बदल घातलेली, सोर्स ट्री सांभाळतो, नोकरी सांभाळून रात्री आणि शनिवार-रविवारी. एकदा नवीन पॅच घातल्यावर एक सी प्लस प्लस पॅकेज बिल्ड होईना, कंपायलर "इंटर्नल कंपायलर एरर" देऊन मरायचा. सेव्ह-टेम्प्स हा पर्याय लावून प्रीप्रोसेस्ड फाईल काढली, ७१ हजार ओळी आणि वर थोड्या. मी घाईघाईत स्क्रिप्ट लिहिली दोन ओळींची: कंपाईल कर, आणि एररमध्ये "इंटर्नल कंपायलर एरर" हे शब्द आहेत का ते ग्रेप करून (शोधून) बघ. रात्री अकराला लावून झोपले. सकाळी उठून बघते तर फाईल चार ओळींची! इतका आनंद झाला मला. पण नीट वाचल्यावर लक्षात आलं की हा कोडच मुळात अवैध आहे, अर्धवट टेम्प्लेट, बंद न झालेला कंस, आणि कंपायलर कोसळतोय तो वेगळ्याच फंक्शनमध्ये, चुकीच्या कोडवर एरर दाखवता दाखवता. म्हणजे रात्रभर मशीननं दुसराच बग छाटून दिला होता.

इथे सी-व्हाइजची काहीही चूक नाही. मी त्याला विचारलं होतं "कोसळतोय का", त्यानं प्रामाणिकपणे कोसळणारं काहीतरी आणून दिलं. गोष्टीतल्या सांगकाम्यासारखं आहे हे, सांगाल तेवढंच आणि तंतोतंत तसंच करणार. म्हणून मी सगळ्यांना सांगते, टूल शिकायला दहा मिनिटं लागतात, स्क्रिप्ट लिहायला मात्र संध्याकाळ राखून ठेवा. ह्या कामातली सगळी अक्कल त्या स्क्रिप्टमध्ये आहे.

दुसऱ्यांदा स्क्रिप्टमध्ये तीन गोष्टी घातल्या. एक, एररमध्ये ज्या फंक्शनचं नाव आलं होतं ते नाव ग्रेप केलं, लाईन नंबर नाही, कारण कुणी दुसऱ्या बिल्डवर चालवलं तर लाईन नंबर सरकलेला असतो. दोन, आधीच्या चांगल्या कंपायलरवर तीच फाईल एकही एरर न येता कंपाईल झालीच पाहिजे, म्हणजे कोड वैध राहतो. जीसीसीच्या बगझिलात (बग नोंदवायच्या साइटवर) ह्या दोन प्रकारांना वेगवेगळे शब्द आहेत, वैध कोडवर कोसळणं आणि अवैध कोडवर कोसळणं, आणि पहिल्याकडे साहजिकच जास्त गांभीर्यानं बघतात. तीन, टाइमआउट आणि मेमरीची मर्यादा. ही तिसरी कुणी विसरू नका, कारण छाटता छाटता कधीकधी असा टेम्प्लेट तयार होतो की कंपायलर स्वतःभोवती फिरत राहतो आणि आठ जीबी रॅम गिळून अख्खा लॅपटॉप गोठवतो. सी-व्हाइजचा स्वतःचा टाइमआउट आहे, ३०० सेकंदांचा, पण तो फार सैल आहे, माझी फाईल दोन सेकंदांत कंपाईल होत असेल तर मी दहा सेकंदांवर तोडते.

मग पुन्हा लावलं आणि ह्या वेळी थोडा वेळ समोर बसून बघितलं. टर्मिनलवर एकेक ओळ सरकत जाते, किती टक्के कमी झाली, किती बाइट, किती ओळी उरल्या. पहिल्या दहा मिनिटांत ७१ हजारांच्या सहा हजार झाल्या, कारण सुरुवातीला तो मोठमोठे तुकडे एकदम उचलतो, अख्खे नेमस्पेस, अख्खे क्लास. मग वेग मंदावतो आणि खरं बारीक काम सुरू होतं. कंसांच्या जोड्या उडवून बघतो, फंक्शनचा एखादा पॅरामीटर काढून बघतो, न वापरलेलं फंक्शन टाकतो, छोट्या फंक्शनचा मजकूर बोलावल्या जागी आणून ठेवतो, युनियनचं स्ट्रक्ट करतो, लांबलचक नावांचं ए-बी-सी करतो, मोठे आकडे लहान करतो. आई तांदूळ निवडायला बसायची तेव्हा आधी ओंजळीनं पसरून मोठा कचरा काढायची आणि मग एकेक खडा, अगदी तसंच. पहाटे चारच्या सुमारास संपलं, एकूण पाच तास, आणि हातात ११ ओळी. एक स्ट्रक्ट, त्यात एक बिट-फील्ड, एक लूप, एक शिफ्ट. त्या ११ ओळी वाचल्याबरोबर आमच्यातल्या एकानं दुसऱ्याला मेसेज टाकला, "अरे हा तर आपल्याच परवाच्या पॅचमधला प्रेडिकेट (अट), शिफ्टची रुंदी तपासायची राहिली." ७१ हजार ओळींकडे बघून हे कुणाला सात जन्मांत कळलं नसतं.

कोसळणारा बग तसा सोपा, तो ओरडून सांगतो की मी इथे आहे. खरी परीक्षा चुकीच्या कोडची. म्हणजे प्रोग्राम ओ-झिरोवर (ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्याचे बदल, बंद) बरोबर उत्तर देतो, ओ-टूवर (ते बदल चालू) चूक, कंपायलर एक शब्द बोलत नाही. अशा वेळी बहुतेकांची स्क्रिप्ट असते, दोन्ही लेव्हलवर कंपाईल करा, चालवा, आउटपुट वेगळं आलं की शून्य. आणि इथे सी-व्हाइज हमखास भलत्या वाटेला नेतो, कारण सीमध्ये दोन लेव्हलवर वेगळं उत्तर यायला कंपायलरचा बग लागतच नाही, अनडिफाइंड बिहेवियर पुरतं, म्हणजे भाषेच्या नियमांनी ज्याचा परिणाम ठरवलेलाच नाही असा कोड.

आमच्या एका मुलानं तीन दिवस लावून असा टेस्टकेस आणला होता. मला म्हणाला, "ताई, पक्का कंपायलरचा बग आहे, बघा, ओ-झिरोला ७ येतात आणि ओ-टूला कचरा." फाईल उघडली, नऊ ओळी, एक इंट फंक्शन, आत एक बेरीज, आणि शेवटी रिटर्नच नाही. सी-व्हाइजनं रिटर्नची ओळ उडवून बघितली होती. ओ-झिरोला बेरजेचं उत्तर योगायोगानं त्याच रजिस्टरमध्ये पडून होतं जिथून बोलावणारा उत्तर उचलतो, म्हणून बरोबर आकडा आला, ओ-टूला त्या बेरजेचा कुणाला उपयोग नाही म्हणून कंपायलरनं ती काढून टाकली, मग कचरा आला. आउटपुट वेगळं, स्क्रिप्ट म्हणाली शून्य, सी-व्हाइज खूश. मूळ बग केव्हाच मागे राहिला होता आणि पोरगं तीन दिवस साप साप म्हणून भुई धोपटत होतं. त्याला मी काही बोलले नाही, शेजारी बसवून स्क्रिप्ट नव्यानं लिहून घेतली.

चुकीच्या कोडसाठी माझ्या स्क्रिप्टमध्ये आता हे एवढं असतंच असतं. रिटर्न नसणं, इनिशियलाइझ न केलेलं व्हेरिएबल, डिक्लेअर न केलेलं फंक्शन, ह्या सगळ्या वॉर्निंगांना एरर करायचं (डिक्लेअर न केलेलं फंक्शन जीसीसी १४ पासून आपोआपच एरर झालंय, जुन्यावर हातानं लावावं लागतं). मग अनडिफाइंड बिहेवियर आणि ॲड्रेस, दोन्ही सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणाऱ्या तपासण्या) लावून एकदा चालवायचं, त्यांनी तोंड उघडलं तर हा टेस्टकेस नको. मग स्ट्रिक्ट एलियासिंग बंद करून आणि रॅप-व्ही लावून बघायचं (कोड नियम पाळतोय असं कंपायलर जे गृहीत धरतो ते ह्या पर्यायांनी सैल होतं), तेवढ्यानं बग गायब होत असेल तर संशय आधी आपल्या कोडवर. जीसीसीवाले स्वतः बग कळवण्याच्या पानावर हेच करून बघायला सांगतात आणि ते योग्यच आहे, तिकडे फुकट काम करणारे लोक आहेत, आपण त्यांच्याकडे कच्चा माल घेऊन जाऊ नये. शेवटी एका वेगळ्या कंपायलरवर, म्हणजे क्लँगवर, दोन्ही लेव्हलना उत्तर सारखं येतंय ना. हे सगळं पार करून जो टेस्टकेस उरतो तो सोन्यासारखा असतो.

स्वस्त तपासण्या आधी ठेवा आणि महागड्या नंतर. वॉर्निंगची तपासणी पाव सेकंदात होते, सॅनिटायझरची सात सेकंदात, मग वॉर्निंग वर. छाटणीचे बहुतेक प्रयत्न फसणारेच असतात, ते लवकर फसले की अख्खी रात्र वाचते. एवढ्याशा अदलाबदलीनं माझा एक सहा तासांचा रन दोन तासांवर आला. आणि टेम्प डिरेक्टरी डिस्कवर ठेवू नका, टीएमपीडीआयआर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मेमरीतल्या फाईलसिस्टिमवर वळवा, कारण प्रत्येक प्रयत्नाला तो नवी डिरेक्टरी करतो आणि टाकतो, एसएसडीला उगाच झीज.

तो प्रत्येक प्रयत्न वेगळ्या डिरेक्टरीत करतो ह्यावरून आठवलं, नवीन माणसाची पहिली अडचण हमखास हीच असते की स्क्रिप्ट हातानं चालते पण सी-व्हाइज म्हणतो सुरुवातीलाच शून्य येत नाहीये. नव्वद टक्के वेळा स्क्रिप्टमध्ये दुसऱ्या फाईलचा रिलेटिव्ह पाथ असतो किंवा एक्झिक्युटेबल परवानगी द्यायची राहिलेली असते. एक रिकामी डिरेक्टरी करा, त्यात फक्त ती टेस्टकेसची फाईल ठेवा, तिथून स्क्रिप्ट चालवा, शून्य आलं की निघा. मूळ फाईलची चिंता नको, तो ओरिग नावानं प्रत ठेवतो आणि मगच मूळ नावाच्या फाईलवर काम करतो. मध्येच थांबवलं तरी तोवरची छाटलेली फाईल शाबूत राहते, हे मला फार आवडतं, वीज गेली तरी काम वाया जात नाही. एखाद्या पासमध्ये (छाटणीच्या एका प्रकारात) तो उगाच रेंगाळतोय असं वाटलं तर एस दाबून पुढे ढकलता येतं.

आता तो अर्धा स्टार. एक तर टेम्प्लेटचं जंजाळ. आधुनिक सी प्लस प्लसमध्ये, कन्सेप्ट वगैरे असलेल्या कोडवर, कधीकधी तो ६०-७० ओळींवर येऊन अडतो आणि पुढचं हातानंच करावं लागतं. हातानं दोन ओळी सोप्या करून परत त्यालाच लावलं की पुन्हा धडाधड कमी होतं, पण हे तुम्हाला माहीत असायला हवं. दुसरं, जो बग दहातून तीनदाच दिसतो, थ्रेडचा किंवा टायमिंगचा, तिथे हा कामाचा नाही. स्क्रिप्टमध्ये वीस-वीस वेळा चालवून बघता येतं, मी केलंय, पण वेळ वीसपट आणि भरवसा तरीही अर्धाच. अशा बगला आरआर बरा, मोझिलात तयार झालेला तो रेकॉर्ड करून उलटसुलट चालवता येणारा डीबगर, त्याच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

तिसरं म्हणजे, हा फक्त इनपुट छाटतो, कंपायलरच्या पोटात कुठे बिघडलं ते सांगत नाही. ते त्याचं कामच नाही, पण लोकांची अपेक्षा असते. त्यासाठी वेगळी हत्यारं आहेत. कोणत्या व्हर्जनपासून बिघडलं ते कंपायलर एक्सप्लोरर ह्या वेबसाइटवर पाच मिनिटांत दिसतं, कोणत्या कमिटनं ते गिट बायसेक्ट सांगतं, कोणत्या ऑप्टिमायझेशन पासनं (टप्प्यानं) हे जीसीसीत डंप फाईली, म्हणजे प्रत्येक टप्प्यानंतरचा कोड, काढून बघावं लागतं, एलएलव्हीएममध्ये त्यासाठी ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट हा पर्याय आहे. डंप वाचायला सुरुवात करायची असेल तर आपल्या पवईच्या आयआयटीतल्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं, म्हणजे उदय खेडकर सरांच्या गटानं, कार्यशाळांसाठी तयार केलेलं साहित्य शोधून वाचा, जुनं आहे पण पासांचा क्रम आणि आतली रचना इतकी स्वच्छ समजावलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. पण ह्यातलं काहीही करा, ११ ओळींवर करणं आणि ७१ हजार ओळींवर करणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून पहिला नंबर सी-व्हाइजचाच.

दुसऱ्या आर्किटेक्चरवरचा बग असेल तर आपल्या लॅपटॉपवरच क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड काढणारा) आणि क्यूएमयू (त्या प्रोसेसरची नक्कल करणारा) लावून स्क्रिप्ट चालते, माझं निम्मं काम तसंच होतं, फक्त जरा हळू. खरं मशीनच हवं असेल तर मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना सी-फार्मवर, म्हणजे सामायिक मशीनांच्या कंपाईल फार्मवर, मोफत खातं मिळतं, पॉवर, स्पार्क, आर्म, रिस्क-फाइव्ह अशी यंत्रं आहेत. मात्र तिथे इतरही लोक काम करत असतात, सगळ्या कोअर बळकावून बसू नका, कोअरची संख्या कमी द्या आणि नाइस लावा, म्हणजे आपल्या कामाला कमी प्राधान्य मिळतं.

छाटून झालं की काम संपलं असं समजून लोक तो टेस्टकेस बग रिपोर्टला चिकटवून विसरून जातात, ते मला पटत नाही. बग दुरुस्त झाला की त्या ओळी टेस्ट सूटमध्ये गेल्याच पाहिजेत. जीसीसीत हे डेजाग्नू नावाच्या टेस्ट चालवणाऱ्या टूलवर चालतं, फाईलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहायचं की नुसतं कंपाईल करायचं का चालवायचं, कोणते पर्याय लावायचे, आणि टॉर्चर डिरेक्टरीत टाकली की तीच फाईल ओ-झिरोपासून ओ-थ्रीपर्यंत सगळ्या लेव्हलवर आपोआप तपासली जाते. एक सांभाळा, सी-व्हाइजनं केलेली ए-बी-सी नावं जरा माणसाळवा आणि वर दोन ओळींत लिहा की काय बिघडलं होतं, सहा महिन्यांनी कुणीतरी दुसरा ती टेस्ट फेल झालेली बघणार आहे, त्याला कळायला हवं.

आमच्या त्या ११ ओळी मीही ह्याच पद्धतीनं घातल्या आमच्या ट्रीमध्ये, शिफ्टच्या रुंदीची तपासणी घालून पॅच दुरुस्त केल्यावर. गेल्या रविवारी नवीन रिलीजवर आमचे पॅच चढवून सगळी टेस्ट सूट चालवली, बऱ्याच तासांनी लॉग आला, समरी फाईल उघडून मी आधी त्या फाईलचं नाव शोधलं. ओ-झिरो पास, ओ-वन पास, ओ-टू पास, ओ-थ्री पास, ओ-एस पास.